बारा सेकंदांचा हिरवा दिवा

चौदा मीटर रुंद रस्ता, चौदा पांढरे पट्टे, त्यांतले पाच पुसलेले, दोन खांब, एक बटण आणि बारा सेकंद. माझे जग एवढेच. मित्रांनो, मी कॉलेजच्या फाटकासमोरचा एक जुना पादचारी सिग्नल आहे. बटण दाबले की माझ्यातला हिरवा माणूस उजळतो, गाड्या थांबतात, लोक रस्ता ओलांडतात. मग पुन्हा लाल.

मला बसवले तेव्हा कॉलेजला सुट्टी होती. हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, हे इंजिनियरसाहेबांना ठरवायचे होते. त्यांनी घड्याळ समोर धरले आणि वायरमनला सांगितले, "जरा पलीकडे चालून दाखव." वायरमन उंचापुरा. मोकळ्या रस्त्यावरून ढांगा टाकत तो दहा सेकंदांत पोहोचला. "वर दोन सेकंद माझ्याकडून," साहेब खुशीत म्हणाले. उद्घाटनाला प्राचार्यांनी बटण दाबले, टाळ्या वाजल्या. पुढे माझ्या खांबावर शिकवण्यांच्या जाहिराती चिकटल्या, बटणाचा रंग उडाला. त्याचे फारसे वाटले नाही. पण ते बारा सेकंद मला स्वस्थ बसू देईनात.

कारण रोज साडेनऊला मावशी येत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणे, बाटल्या जागेवर लावणे हे त्यांचे काम. एक गुडघा कायमचा धरलेला. हिरवा होताच त्या निघत आणि मी मोजू लागे. आठव्या सेकंदाला सहावा पट्टा. बाराव्याला नववा. मग मला लाल व्हावेच लागे. हॉर्न सुरू होत. मावशी हात वर करून म्हणत, "आले रे बाबांनो, आले!" दोष माझा नव्हता, पण लाल तर मीच होत होतो.

एका सोमवारी एक स्कूटर थांबलीच नाही. मावशी पडल्या. मनगट मोडले.

दीड महिन्याने त्या परत आल्या, तेव्हा सोबत मुलगा होता. माझ्या खांबापाशीच दोघांचे जुंपले.

"आई, पुरे झाली नोकरी. आजच राजीनामा देऊन टाक."

"दोनच वर्षं राहिलीत रे. मला काम जमतंय, रस्ता तेवढा जमत नाही."

"मग रस्ता काय अरुंद करून मागणार आहेस?"

शेजारी भौतिकशास्त्र शिकणारी एक मुलगी उभी होती. ती मध्येच म्हणाली, "मावशी, राजीनामा आठवडाभर थांबवा. दादा, तोवर तुम्ही यांना हात धरून पलीकडे नेत जा."

तिने कॉलेजच्या व्हरांड्यात चौदा मीटर मोजून खडूने दोन रेषा मारल्या. मावशींना पाच दिवस, रोज एकदा चालायला लावले. सरासरी आली वीस सेकंद. वर चार जादा धरून तिने कागदावर चोवीस सेकंदांची मागणी लिहिली. मावशींच्या यायच्या वेळी, साडेनऊला, तो कागद घेऊन ती इंजिनियरसाहेबांना माझ्यापाशी घेऊन आली.

"अगं, चोवीस सेकंद हिरवा ठेवला तर गाड्यांची रांग लागेल," साहेब म्हणाले. "आणि हे बारा मी स्वतः मोजून घेतलेत."

"कोणाच्या पायांनी, साहेब?"

साहेब कागद उलटसुलट करू लागले.

"आज मावशींबरोबर चला. पण त्यांच्या चालीनं."

दोघे निघाले. मी मोजत होतो. नवव्या पट्ट्यावर मी लाल झालो. चहूकडून हॉर्न.

"पळा साहेब, तुमचे पाय धड आहेत," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला सोडून कसा पळू?" साहेब हात आडवा करून गाड्यांसमोर उभे राहिले.

"ओ काका, बागेत फिरायला आलात का?" एक रिक्षावाला ओरडला.

साहेबांचे कान माझ्यासारखे लाल झाले. त्याच दुपारी वायरमनने माझी पेटी उघडली.

मित्रांनो, मी फक्त सेकंद मोजतो. माणूस पोहोचला की अजून मध्येच आहे, हे मला गाडीवाल्याला सांगता येत नाही. म्हणून तुम्ही कधी गाडीवर असाल आणि तुमचा दिवा हिरवा झाला, तर आधी पट्ट्यांवर नजर टाका. आणि सोबत कोणी हळू चालणारे असेल, तर त्याच्या चालीने चाला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मावशींनी बटण दाबले. त्या पलीकडच्या पदपथावर चढल्या, तेव्हा हिरव्याचे चार सेकंद शिल्लक होते.