शिडीची सगळ्यात घाणेरडी पायरी

मी एक जुना सोफा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी आत्ता माझ्यावर टेकायच्या बेतात असेल, तर आधी उभ्यानेच ऐकून घ्या. नंतर बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म रायपूरला, भनपुरीकडच्या एका कारखान्यात झाला. छत्तीसगड हे नवं राज्य झालं होतं आणि रायपूरवर अचानक राजधानी होण्याची वेळ आली होती. राजधानी म्हटली की साहेब आले, साहेब आले की बंगले आले, आणि बंगले आले की बाहेरच्या खोलीत ताटकळणाऱ्या मंडळींना टेकायला सोफे आले. कारागिराने माझा सागवानी सांगाडा बांधला, त्यात काथ्या आणि फोम भरला आणि वर डाळिंबी मखमल चढवली. मखमल फार देखणी होती. तिच्यात दोष एवढाच, की ती काही विसरत नाही.

बंगल्यावर माझं खूप कौतुक झालं. ते साधारण आठवडाभर टिकलं. मग साहेबांची वाट पाहता पाहता लोक माझ्या पाठीवर डोकी टेकून झोपू लागले, आणि त्यांच्या डोक्यांतलं चमेलीचं तेल माझ्यात उतरलं. कोणी नखं कुरतडून माझ्या फटीत सरकवली. कोणी चघळून झालेलं च्युइंगगम माझ्या पोटाखाली चिकटवून ठेवलं, जणू परत न्यायला येणार आहे. एका कंत्राटदाराने माझ्या मागच्या कोपऱ्यात गुटख्याची पिंक टाकली आणि आत जाऊन साहेबांना म्हणाला, "सर, अपनी राजधानी एकदम चकाचक होनी चाहिए!" तेव्हापासून मला माणसांची किळस येते. तुम्ही म्हणाल, माणसांनाही तुझी येते. येते ना. पण सुरुवात कोणी केली, एवढं लक्षात असू द्या.

पुढे एक दिवस मला भंगारवाल्याने नाकारलं, म्हणून एका रुग्णालयाला दान करण्यात आलं.

त्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला किशोरवयीन मुलांच्या मानसोपचाराची खोली होती. ती रुचिता मेश्राम नावाची सिस्टर चालवायची. मुलं तिला दीदी म्हणत. गोळ्या डॉक्टर लिहून देत. दीदीचं काम ऐकण्याचं, बोलण्याचं आणि मुलांकडून त्यांना अवघड जाणारी गोष्ट हळूहळू करवून घेण्याचं. त्यासाठी ती वेगळं शिक्षण घेऊन आली होती. घरच्यांना मात्र वाटे, सिस्टर आहे म्हणजे एक इंजेक्शन टोचेल आणि पोट्टा सुधारेल.

इथे मुलं माझ्यात तोंड खुपसून रडत. त्याचं मला काही नाही. पण दीदी मुलाला विचारायची, "झोप लागते का रे?" आणि शेजारून काका उत्तर द्यायचा, "मोबाइल सुटत नाही म्याडम याच्या हातचा." "भूक लागते?" "नाटकं हायेत सारी!" असं ऐकलं की मला पोटाखालच्या च्युइंगगमचा आदर वाटू लागे. ते निदान तोंडाबाहेर येऊन गप्प बसलं होतं.

एका दुपारी ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यातून क्षमा आली. दहावीची मुलगी. तिने दार कोपराने ढकललं आणि कशालाही अंग लागू न देता खोलीच्या मधोमध उभी राहिली. धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती. बरोबर तिची आई विमलाबाई होती आणि रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा, श्यामराव. बसा म्हटलं तरी आजोबाही उभेच.

"आमच्या घरी सोवळं आहे म्याडम," श्यामराव छाती काढून म्हणाले. "बाहेरून आली का आधी हात धुते. दरवाजाले हात लागला का पुन्हा धुते. मी तर साऱ्या पाऱ्यात सांगतो, संस्कार याले म्हणतात!"

"अन् हे रक्त?" दीदीने क्षमाच्या बोटांकडे पाहत विचारलं.

श्यामरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं आडनाव काय म्हणाल्या?"

"मेश्राम."

"अच्छा. अच्छा." दुसरं अच्छा पहिल्यापेक्षा बरंच लांब होतं. दीदीने पुढे केलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही.

मित्रांनो, गुटख्याची पिंक निदान डोळ्यांना दिसते.

खरं काय ते विमलाबाईंनी सांगितलं. "सहामाहीले शाळेच्या फाटकातूनच परत आली, सिस्टर. दुसऱ्याच्या बेंचवर बसवत नाही म्हणते. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर हायेत, अन् सेंटर दुसऱ्याच शाळेत. हे वर्ष गेलं तर पोट्टी घरात बसन, अन् मंग उंबऱ्याबाहेर कधीच पाय नाही टाकणार."

दीदी म्हणाली, "आजोबा, सोवळ्यातला माणूस पूजा झाली की मोकळा होतो. हिले मोकळंच होता येत नाही. हा आजार आहे. अन् याच्यावर इलाज आहे."

इलाज असा, की दीदीने फळ्यावर एक शिडी काढली. जी वस्तू हात लावायला सगळ्यात सोपी, ती खालच्या पायरीवर. तिथे टेबलावरचं पेन आलं. वर खुर्ची, त्यावर दाराची कडी. "अन् या खोलीत सगळ्यात घाण काय वाटतं तुले?"

"ये सोफा," क्षमा म्हणाली. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर हिंदीत येई.

पोरीने विचार करायचंही सौजन्य दाखवलं नाही. मला सगळ्यात वरच्या पायरीवर बसवण्यात आलं. इतक्या उंच पदावर मी बंगल्यातही नव्हतो.

नियम एकच होता. हात लावायचा आणि धुवायचा नाही. "किळस आली तर येऊ दे," दीदी सांगायची. "तिले हाकलू नको. ती आपल्या पायानं जाते. तू फक्त नळाकडे जायचं नाही." आणि स्वतः आधी करून दाखवायची. माझ्यावर तळवा घासायची आणि त्याच हाताने पोळीचा तुकडा मोडून खायची. मला ते पाहवत नसे.

पेन झालं. खुर्ची झाली. कडीला क्षमा फार रडली, पण कडीही झाली. मग माझी पाळी आली, आणि तिने माझ्या डाव्या हातावर बोट ठेवलं ते अगदी सहज. कपाळावर आठीही नाही.

दीदीला ते खटकलं. तिने वाकून मला हुंगलं. माझ्यातून डेटॉलचा वास येत होता.

"नत्थू, सोफा कोणी पुसला?"

नत्थू तिथला अटेंडंट. "हव दीदी, विमलाबाई पोंछती है ना, रोज पहले आके. बोली, दीदी ने बोला है."

इतक्या वर्षांत मला मायेने पुसणारी ती एकच बाई. डावा हात तेवढा पुन्हा डाळिंबी दिसू लागला होता. पण आईने डोळ्यांनी जागा दाखवली होती, आणि लेकीने नेमकं त्या पुसलेल्या चकतीवर बोट ठेवलं होतं. वरची पायरी कोणी चढलंच नव्हतं.

"हाल पाहवत नाही मले पोरीचे," विमलाबाई रडू लागल्या. "तुमचं काय जाते सांगायले? तुमची पोट्टी असती म्हणजे कळलं असतं."

दीदीने ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ताई, पेपरच्या दिवशी तिचा बेंच पुसायले कोण जाईन?"

विमलाबाईंनी डेटॉलची बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

त्यानंतर सगळं पुन्हा करावं लागलं, आणि आता खरोखरचं. कधी क्षमा अर्ध्यातून नळाकडे पळे. बोर्डाचे पेपर तोंडावर आले, तेव्हा दीदी म्हणाली, "आज बसून पाहायचं का? तू हव म्हणशील तरच."

"काही गरज नाही!" श्यामराव मध्येच कडाडले. "कोण कुठचे लोक बसून गेले असतीन त्याच्यावर! पोट्टीले नरकात बसवून राहिल्या का तुम्ही?"

क्षमाने आजोबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इतके दिवस तेही कुठे टेकले नव्हते.

"आजोबा, आपको भी घिन आती है ना?"

"मले? छट्! माझे गुडघे बसू देत नाहीत म्हणून—"

"तो आप बैठो पहले. आप बैठोगे तो मैं बैठूँगी."

श्यामरावांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला आणि माझ्यावर पसरू लागले.

"रुमाल नको, आजोबा," दीदी म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर मोठमोठे लोक बसले, पण इतक्या हळू कोणी बसलं नाही. माणूस थंडगार पाण्यात उतरावा तसे श्यामराव उतरले. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, हात हवेत. मग शेजारी क्षमा बसली. ती रडत होती, घाम पुसत होती, पण उठली नाही. आम्ही तिघं एकमेकांची किळस करत बसून राहिलो. हळूहळू तिचा श्वास खाली आला. तिने डोळे उघडले, आजोबांचं तोंड पाहिलं आणि फिस्सकन हसली.

"आजोबा, हाथ नीचे रखो. कुछ नहीं होता."

त्यांनी हात खाली ठेवले. एकदम नाही, एक एक बोट करून.

मार्चमध्ये एका दुपारी क्षमा परीक्षेच्या सेंटरवरून थेट इथे आली, मागून आई आणि आजोबा. गणवेशात, बोटांना शाई, हातात गोल बाजारातली कचोरी. "दीदी, पेपर बहुत लंबा था," म्हणत तिने धपकन माझ्यावर अंग टाकलं, कचोरी संपवली आणि तेलकट बोटं माझ्या उजव्या हातावर खुशाल पुसली.

"अगं, सोफ्याले काहून पुसून राहिली!" श्यामराव ओरडले. विमलाबाईंचा हात सवयीने पिशवीकडे गेला, दीदीने नुसतं पाहिलं, आणि तो हात परत आला.

आता खोलीला नवा रंग देऊन मला नवं कापड चढवायचं ठरतंय. मित्रांनो, रुग्णालयात तुमची कोणाशी ओळख असेल तर एक शब्द टाका. बाकी मला खुशाल खरवडून काढा. उजव्या हातावरचा तेवढा डाग राहू द्या. बघवत नाही, वासही मारतो. शी! किती तेल होतं त्या कचोरीला.