पहिल्या बेसची माती

"अजून घाल," मॅनेजर हॉबर्ट म्हणाला. "पाय रुतायला हवा."

एमिल क्राउसने बेसबॉलच्या मैदानात पहिल्या बेसलगतच्या मातीवर झारी रिकामी केली. पाहुण्या संघाचा टॉलिव्हर एकदा का पहिल्या बेसवर आला, की चेंडू टोलवला जाण्याआधीच पळत सुटून दुसरा बेस चोरल्याशिवाय राहायचा नाही. ओल्या मातीतून काय पळेल? मैदान सांभाळणाऱ्याने घरच्या संघासाठी एवढं करायचंच असतं. ओहायोतल्या गावोगावी करतात.

अंपायरने बुटाने माती दाबून पाहिली. "एमिल, मासे सोडलेस की काय इथे?"

"धूळ फार उडते हो साहेब."

अंपायर वाद न घालता निघून गेला. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. लांबलेल्या हंगामाने सगळेच थकले होते. आज जिंकेल त्याचा अजिंक्यपदाचा झेंडा. एमिलला तो हवा होता घरच्या कॅचरसाठी; बॅटरमागे चेंडू झेलायचा आणि बेस चोरणाऱ्याला फेकीने बाद करायचं, हे त्याचं काम. लॅड कुबिक अडतीस वर्षांचा होता आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधून खेळत होता. सतरा वर्षं छोट्या गावांच्या संघांतून बसमध्ये झोपत काढली, झेंडा एकदाही नाही. उद्यापासून तो काचेच्या कारखान्यात भट्टीवर जाणार होता. रोज दुपारी दोघं अवजारांच्या खोलीत बसून सॉसेज-पाव खात, फारसं न बोलता.

पाचव्या डावानंतर माती सारखी करताना एमिलने आणखी एक झारी ओतली. आठव्यात टॉलिव्हर सुटला, घसरला, आणि कुबिकने फेकलेला चेंडू त्याच्या आधी दुसऱ्या बेसवर पोचला. टॉलिव्हर बाद. लोक उठून उभे राहिले. एमिलला मनापासून बरं वाटलं.

शेवटच्या, नवव्या डावात घरचा संघ एका धावेने मागे होता. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास, आणि पहिल्या बेसवर कुबिक. त्याच्याऐवजी पळायला बाकावर कुणी उरलं नव्हतं. पुढच्या बॅटरने चेंडू थेट उजव्या कुंपणापर्यंत मारला.

"पळ रे म्हाताऱ्या," कुणीतरी ओरडलं.

कुबिकने जोर लावला आणि पाय मातीत सटकला. गुडघा टेकला. तो उठला, धडपडत दुसरा बेस, तिसरा बेस ओलांडला, धाव जिथे पूर्ण होते त्या होम बेसपाशी त्याने अंग झोकून दिलं. चेंडू जेमतेम हातभर आधी आला. कुबिक बाद. सामना संपला.

एमिल अवजारांच्या खोलीत आला तेव्हा कुबिक खोक्यावर बसला होता, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला.

"लॅड, ते पाणी..."

"ठाऊक आहे."

"हॉबर्ट म्हणाला म्हणून घातलं. दोनदा घातलं रे. मला वाटलं..."

"हॉबर्टला मीच सांगितलं होतं." कुबिक उजवा खांदा चोळत होता. "जुलैपासून हातात जोर राहिला नाहीये. दुसऱ्या बेसपर्यंत चेंडू कसाबसा जातो. म्हटलं, टॉलिव्हर जरा अडखळला तर कुणाच्या लक्षात यायचं नाही."

"मला तरी सांगायचंस."

"तुला कसं सांगू? कुबिकचा हात अजून शाबूत आहे, असं गावात म्हणणारा तू एकटाच उरला होतास."

कुबिकने एक बूट काढला, कोपऱ्यातली काडी घेतली आणि तळाच्या खिळ्यांमधली माती उकरू लागला, दुसऱ्या दिवशी सामना असला की नेहमी करायचा तसा. एमिल शेजारी बसला. दुसरा बूट त्याने मांडीवर घेतला.