नासपतीला टोचलेलं इंजेक्शन

आमचे हे पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना बुचं लावायचे. बुचंच, पण घरी आले की निम्मे डॉक्टर. शेजारी कुणी शिंकलं की हे खिडकीतून सांगणार, "जंतू आहेत, जंतू. इंजेक्शन घ्या."

परसात ह्यांची लाडकी नासपती होती. देहूरोडच्या कुणा लष्करी साहेबाच्या बंगल्यातून कलम आणलेलं. सत्तावन्न साली ती पहिल्यांदा फुलली आणि लगेच एका फांदीचा शेंडा काळा पडला, चुलीत धरल्यासारखा. माझं माहेर श्रीगोंद्याचं, लिंबाच्या बागेतलं. मी म्हटलं, "काळं संपतं तिथून वीतभर खाली कापा आणि फांदी जाळा. कोयता उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसऱ्या फांदीला लावू नका. हा रोग खाली उतरतो."

"कापायचं? माझ्या झाडाला?" हे म्हणाले. "तुला काय कळतंय! आमच्या कारखान्यात काय बनतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? रोज जेवताना पेनिसिलिनचंच पुराण तर ऐकत होते.

त्याच सुमारास झाडाखालचा पाला गोळा करताना माझ्या उजव्या हाताच्या बोटात काटा गेला. नखुरडं झालं. बोट वांग्यासारखं सुजलं, सुई धरवेना. शेजारणींच्या चोळ्या शिवणं हाच काय तो माझा स्वतःचा उद्योग. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहून दिलं आणि ह्यांना तोंडावर बजावलं, "हयगय केलीत तर बोट जाईल." ह्यांनी चिंचवडहून कुप्या आणल्या, टोचायला आबाजी कंपाउंडरला बोलावलं.

मी हात धुऊन परसात आले, तर आबाजीची सुई नासपतीच्या खोडात. हे बाजूला उभे राहून "हळू, हळू" म्हणताहेत. कुप्या सगळ्या रिकाम्या. त्या मेल्या आबाजीला तरी लाज वाटावी की नाही!

"अगं, तू शेक घेतलास तरी बरी होशील," हे म्हणाले. "त्या मुक्या जिवाला कोण आहे?"

मला तोंड होतं, हाच माझा गुन्हा. दुकानातल्या कुप्या संपलेल्या, म्हणून नव्या येईपर्यंत मी शेक घेत बसले. ताप चढला, सूज मनगटापर्यंत आली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात बोट कापावं लागलं. कापायच्या कागदावर ह्यांनी झोकात सही ठोकली, तीही इंग्रजीत.

मी घरी आले तर नासपती खोडापर्यंत काळी. हे तिच्याजवळ उकिडवे बसलेले.

"आता काय करू गं?"

मी डाव्या हाताने कोयता पुढे केला. "कापा."

ह्यांनी कोयता घेतला, पण हात थरथरायला लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "होत नाही गं माझ्याच्यानं. बघ, हात कसा थरथरतोय."

"सही करताना नव्हता थरथरला," मी म्हटलं.