बी काढलेलं चॉकलेट

माझ्या नाकावर राग असतो, हे सौदीतल्या दम्माममधल्या आमच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक. घरी तर त्याहून जास्त. गेल्या सुट्टीत माझ्या लेकीनं, स्वप्नानं, उलट उत्तर दिलं म्हणून मी तिचा मोबाइल फरशीवर आपटला आणि तिच्या कानशिलात लगावली. त्यानंतर अकरा महिने ती माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस मेसेज आला, ‘बाबा, येताना चॉकलेटमधल्या कॉफीच्या बिया आणा.’ तो मी दहादा वाचला असेन.

त्याच दिवशी वेल्डिंगचं काम संपवून मी मॉलमध्ये गेलो आणि अर्ध्या किलोची बरणी आणली. चकचकीत काळ्या गोळ्या, लहान करवंदांसारख्या. खोलीत सगळ्यांना बजावलं, ही लेकीची आहे, हात लावलात तर याद राखा. हाशमभाईला मात्र एक चाखायला दिली. तो माझ्याच गुहागर तालुक्यातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. अठरा वर्षं खजुराच्या कारखान्यात एकच काम करतोय, खजुरातली बी काढायची आणि तिथं बदाम बसवायचा. उजव्या हाताच्या दोन बोटांवर माझं घर चालतं, असं तो हसून सांगायचा.

त्यानं गोळी चावली आणि तोंड वाकडं केलं. “गुरुनाथ, आत बी हाय रे. जळलेली! दुकानदारानं फसवला तुला.”

मी नुसता हसलो. आम्हा दोघांचाही जन्म चहावर गेलेला. कॉफीची बी चॉकलेटमध्ये घालून खातात, हे मलाही स्वप्नाच्या मेसेजमुळेच कळलं होतं. त्याला नीट सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

रविवारी माझं विमान होतं. शुक्रवारी दुपारी बॅग भरायला घेतली तर बरणी अर्धी रिकामी. हाशमभाईच्या खाटेखाली वर्तमानपत्रावर बियांचा ढीग, चॉकलेटनं माखलेला. वरचं चाटून खाल्लेलं आणि बिया थुंकलेल्या, दुसरं काय?

तो नमाजाहून आला. दारातच मी त्याची गचांडी धरली आणि तोंडावर ठोसा हाणला. त्याचा दात माझ्या बोटांत रुतला. मला काहीच वाटलं नाही. खरं सांगतो, बरं वाटलं.

“चोरा! माझ्या पोरीचं खाल्लंस?”

“नाय खाल्लं रे. ऐक तरी, गुरू...”

मी त्याचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त ओघळलं. तो उजवा हात पुढे करून काहीतरी दाखवत होता, “फ्रिज... फ्रिज बघ...” मला तो हात माझ्या अंगावर येतोय असं वाटलं. मी तो पकडला, कपाटाच्या दारात घातला आणि दार लाथेनं बंद केलं. एकदा. मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, तरी तिसरी लाथ मी घातलीच.

खोलीतल्या दोघांनी मला मागे ओढलं आणि त्याला घेऊन ते इस्पितळात धावले. दोन बोटं उलट्या बाजूला लोंबत होती. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग मी फ्रिज उघडला.

आत त्याच्या कारखान्यातला खजुराचा खोका होता. त्यात कागदाच्या इवल्या वाट्या, ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येकीत एकेक गोळी. मी एक चावली. आत जळकी बी नव्हती, सोललेल्या बदामाचा तुकडा होता. सगळ्या गोळ्या अशाच, चिरून, भरून, तळहातावर वळून पुन्हा बंद केलेल्या. माझ्या लेकीच्या तोंडात कडू जाऊ नये म्हणून तो दोन दिवस हे करत बसला होता. अर्ध्या झाल्या होत्या. अर्ध्या बरणीत राहिल्या होत्या.

मी फ्रिजसमोरच खाली बसलो आणि रडलो. ती दोन बोटं मला जोडता येणार नव्हती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. स्वप्नाचा व्हिडिओ कॉल, अकरा महिन्यांत पहिला. मी घाईनं डोळे पुसले आणि उचलला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“बाबा, मिळाल्या का बिया?”

“मिळाल्या गं,” म्हणत मी खोका कॅमेऱ्यासमोर धरला.

तिनं खोक्याकडे पाहिलंच नाही. तो धरणाऱ्या माझ्या हाताकडे पाहिलं. फुटलेली बोटं, सुकत आलेलं रक्त. तिचं हसू गेलं, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला.

“आता कुणाला मारलंत?” तिनं विचारलं.