आईची कवळी

सकाळची गोळी पोटात गेली की आईला तासभर बरं वाटायचं. उठून बसायची, बोलायची, कधी लेकीच्या शिवणकामाला नावंही ठेवायची. तो तास सरला की पुन्हा अंथरूण. धाकट्याला ताईनं हे कितीदा तरी सांगितलं होतं.

"दहाला पोचतो," तो म्हणाला होता.

म्हणून आज आईनं ठेवणीतली शाल मागितली आणि कवळी घातली. हिरड्या सोलवटलेल्या, एरवी ती कवळीकडे बघतसुद्धा नसे. "बोळक्या तोंडानं बोलले की त्याला कळत नाही गं," म्हणाली. "चिडतो तो."

दहा वाजून गेले. ताईनं फोन लावला.

"निघालोच!" पलीकडे बादलीत धो धो पाणी पडत होतं.

घरात त्याचं नावच 'निघालोच' पडलं होतं. ताईच्या लग्नातही स्वारी जेवणं उरकल्यावर उगवली होती. तेव्हा आईच हसली होती. शेंडेफळ ना!

"जरा आडवी हो," ताई म्हणाली.

"नको. केस विस्कटतील."

हळूहळू आईची मान कलायला लागली. ओठाच्या कडेनं लाळ आली, लाळेत तांबडी रेघ. ती पुसताना ताईला किळस आली. किळस लाळेची नव्हती. शेवटी तिनं आईला निजवलं आणि कवळी काढून बाहेर टेबलावर, वाटीतल्या पाण्यात ठेवली.

निघालोच आला तो दुपारी, अत्तराचा घमघमाट घेऊन.

"ईऽ! ही घाण इथं कशाला?" त्यानं नाकाला रुमाल लावला.

"तुझ्याशी बोलायला घातली होती तिनं. सकाळपासून."

"अगं, रस्त्यात ही गर्दी! उठव ना तिला. मला लगेच साहेबांकडे जायचंय. तिथं उशीर चालत नाही."

"आणि इथं चालतो?"

"आईच आहे ना. ती कुठं जातेय?"

घासात केस यावा तसं ताईला झालं. तेवढ्यात आतून आवाज आला, "आला का गं? कवळी दे."

ताई वाटी घेऊन आत गेली. आईनं कवळी बसवली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं शाल सारखी केली. "बोलाव त्याला," म्हणाली. अगदी स्पष्ट.

बाहेर खुर्ची रिकामी होती. दार सताड उघडं, जिन्यात बुटांचा आवाज. ताई कठड्याकडे धावली.

"रविवारी येतो, ताई! दहाला! आईला तयार ठेव!"

"नाही ठेवणार!" ताई ओरडली. "यायचं तर ये. असेल तशी भेटेल. तुझ्यासाठी नटून कुणी बसणार नाही आता!"

ती आत आली. आईचे डोळे दाराकडेच होते.

"गेला," ताई म्हणाली.

आईनं लहान मुलीसारखं तोंड उघडलं. ताईनं कवळी हलकेच काढली, धुतली आणि कपाटात टाकली. मग खिडकी उघडली. अत्तराचा वास काही केल्या जात नव्हता.