कौल देणारा कप्पा

कंधारच्या किल्ल्यामागच्या गल्लीत त्या गुरुवारी पाऊल ठेवायला जागा नव्हती. रामलिंग महाराजांच्या मठात झेंडूच्या माळांखाली एक जुना संगणक मांडलेला होता, आणि दीडशे माणसे श्वास रोखून त्याच्या सीडीच्या कप्प्याकडे पाहत होती.

"बोल, चक्रनाथा!" महाराज गर्जले.

कुणाचाही हात न लागता कप्पा घरघरत बाहेर आला. बायकांनी पदर पसरले.

देवाच्या अंगावर फुले चिकटवून, कोणत्या बाजूचे गळते यावरून कौल घेण्याची रीत या माणसांच्या अंगवळणी पडलेली होती. पूर्वी लग्नाच्या सीड्या भरून देणाऱ्या रामलिंगाने यंत्राला 'चक्रनाथ' नाव देऊन तीच रीत त्याला लावली : कप्पा उघडला तर होकार, न उघडला तर नकार.

संगणकाचे वर्ग चालवणारी पंचशीला मागे उभी होती. ती कौल घ्यायला नव्हे, शेजारच्या सिंधूच्या काळजीने आली होती. सिंधूच्या नऊ वर्षांच्या दीपमालाला फिट्स येत. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या दोन वर्षे थांबल्या होत्या. मागच्या कौलाने गोळ्या बंद झाल्या. आज चौथा दिवस. सकाळीच पोरीच्या हातातला पेला झटक्याने उडाला होता.

"उरल्या गोळ्या चक्रनाथाच्या मुखी घाल, माय. पीडा गिळून टाकंल त्यो," महाराज लेकीला घेऊन पुढे बसलेल्या सिंधूला म्हणाले.

सिंधूने पाकीट कप्प्यात ठेवले. कप्पा आत गेला. "गिळली!" गर्दी पुटपुटली.

सगळ्यांचे डोळे कप्प्यावर होते. पंचशीलाचे महाराजांच्या डाव्या हातावर. प्रत्येक हाकेसरशी तो गादीत बोटभर रुतत होता. आणि दीपमालाच्या ओठाचा कोपरा फडफडू लागला होता.

पंचशीला पुढे गेली आणि तिने भिंतीवरचे बटण बंद केले.

"काय करून राहिली ही!" व्यंकटी सेवेकरी धावला.

महाराज हसले. "तुम्ही देव न मानणारी माणसं, बाई. कोप होईल."

"होऊ द्या. वीज गेली, देव तर हाय ना? मारा हाक."

महाराजांनी तीनदा हाक मारली. कप्पा हलला नाही. "अभक्तासमोर देव मुख उघडत न्हाई!"

"मंग भक्तच उघडंल. सिंधू, बांगडीची पिन काढ. सरळ कर. ह्या बारक्या छिद्रात दाब."

"पाप लागलं तर, मॅडम?"

"पोरीकडं बघ आन् दाब."

पिन आत गेली, काहीतरी सुटले, आणि कप्पा बोटभर पुढे सरकला. सिंधूने नखांनी तो ओढला. पाकीट तिच्या हातात आले.

"अडकलेली सीडी काढायला कारखान्यानंच ठेवलेली वाट हाय ती," पंचशीला म्हणाली. "आता पळ! जीप गाठ. मनानं गोळी देऊ नको. पाकीट डॉक्टरला दाखव."

सिंधू लेकीला उचलून धावली. पंचशीलाने गादी उलटली. खाली बिनतारी कीबोर्ड होता. तिने वीज सुरू केली, संगणक जागा झाल्यावर विचारले, "चक्रनाथा, व्यंकटीला चहा पाजू का?" आणि कळ दाबली. कप्पा तत्परतेने बाहेर आला.

कुणीतरी हसले, ते हसू तिथेच विरले. कीबोर्डाशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात पाकिटेच पाकिटे : मधुमेहाच्या गोळ्या, क्षयाच्या, रक्तदाबाच्या. म्हाताऱ्या उमाबाईंनी त्यातले लाल दोरा बांधलेले एक उचलले.

"दोरा म्याच बांधला होता. ह्यांना वाचता येत न्हवतं म्हणून." त्यांनी आतल्या गोळ्या बोटाने मोजल्या. "आषाढात गेले ते."

महाराज दाराकडे सरकले. दारात माणसे उभी होती. कुणी बाजूला झाले नाही.

संध्याकाळी सिंधूचा फोन आला. फिट आली, पण दवाखान्याच्या दारात. पोर आता बोलत होती.

उमाबाईंना असा फोन कधीच येणार नव्हता. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे : कोणताही चमत्कार पाहताना देवाच्या तोंडाकडे पाहू नका, कळ कुणाच्या हाताखाली आहे ते शोधा. आणि गोळी थांबवायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.