फळीवरचा नवा नंबर

सरोवराकाठच्या त्या बाजारात तिला सगळे न्यार सेमे म्हणत, म्हणजे सेमे गावची लेक. लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावाचं नाव चिकटायचं आणि तिचं स्वतःचं नाव ठेवणीतल्या कपड्यासारखं पेटीत पडून राहायचं.

नवरा गेल्यापासून ती मासे तळून विकत होती. हल्ली रोख कोण देतं? गिऱ्हाइकं फोनवरून पैसे पाठवत, आणि टपरीच्या फळीवर नंबर होता दिराचा, ओबुयाचा. संध्याकाळी तो पैसे आणून द्यायचा, आधी त्यातला स्वतःचा वाटा काढून घेऊन. विचारलं की म्हणायचा, "वहिनी, तुला फोनातलं काय कळतंय?"

शेवटी तिनं शहरात खेपा घालून ओळखपत्र काढलं, स्वतःचं सिम घेतलं, त्यावर पैशाचं खातं उघडलं. आज सकाळी फळीवरचा जुना नंबर खरवडला आणि निळ्या रंगानं आपला लिहिला. आकडे वाकडेतिकडे आले, पण तिचे होते. दुपार झाली तरी त्या नंबरावर एकही शिलिंग आला नव्हता. जो तो म्हणे, "ओबुयालाच पाठवतो, तो ओळखीचा आहे." उद्या पुन्हा त्याचाच नंबर लिहायची पाळी येणार, असं तिला वाटू लागलं.

तेवढ्यात ओबुयाच आला, एका मासळीच्या व्यापाऱ्याला घेऊन.

"वा! रंगकाम केलंस वाटतं? नुसती शोभाच की काही येतंयही?"

"मासा गरम आहे, भावजी. आधी खाऊन घ्या."

ओबुयानंही एक मासा घेतला. व्यापारी मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीबरोबर मासा मन लावून जेवला आणि त्यानं फोन काढला. ओबुया लगबगीनं म्हणाला, "माझा नंबर घ्या, साहेब."

"नंबर फळीवर आहे," ती म्हणाली.

व्यापाऱ्यानं फळीवरचे आकडे दाबले. पैसे जाण्याआधी फोन नाव दाखवतो, ते त्यानं मोठ्यानं वाचलं. "तुर्फोसा अचोला. ही तुझी वहिनीच ना रे, ओबुया? नाहीतर पैसे जायचे भलतीकडे."

नाव कधीतरी ओबुयाच्या कानावर पडलं असेल, पण लक्षात ठेवतंय कोण?

"असेल... म्हणजे, विचारावं लागेल," तो पुटपुटला.

"इतकी वर्षं तिच्या हातचं गिळतोस आणि नाव माहीत नाही?" शेजारची टोमॅटोवाली ओरडली. "लाज वाटू दे जरा!" टपरीपुढची सगळी रांग खदखदून हसली.

तिनं तेलकट हात पुसले आणि कमरेच्या कापडाच्या गाठीतून ओळखपत्र काढून व्यापाऱ्यापुढे धरलं.

"मी तुर्फोसा अचोला."

किती वर्षांनी ती हे मोठ्यानं बोलत होती! व्यापाऱ्यानं बटण दाबलं, तिच्या कमरेचा फोन वाजला. रांगेतल्या लोकांनीही फोन काढले आणि ते फळीकडे बघू लागले.

ओबुया काढता पाय घेत म्हणाला, "न्यार सेमे, माझ्या माशाचे पैसे मग..."

"मग नाही, आत्ताच. नंबर फळीवर आहे, भावजी," ती म्हणाली. "आणि पाठवण्याआधी नाव नीट वाचा."